वाऱ्याविरुद्ध चाललेला ढीग

काम सांगायला अगदी सोपं होतं. पाणथळीच्या ऐन मध्यावर हिवाळाभर रानबदकं दिवसा येऊन झोपतात. ती झोपलेली असताना त्यांचा फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाणी खात्याच्या इंजिनियरसमोर ठेवायचा. बस्स! फोटो मिळाला तर पाणी सोडायचं दार बंद राहणार होतं. नाही मिळाला तर सकाळी दार उघडणार, मधल्या पाण्याचा चिखल होणार, आणि त्या चिखलात कोल्ह्या-कुत्र्यांना रान मोकळं! रात्रभर चरून थकलेली बदकं मग ऐन थंडीत पाठ टेकणार कुठे?

हा विडा उचलला होता एक्सरेबाईंनी. इस्पितळातल्या एक्सरेच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून गाव त्यांना एक्सरेबाईच म्हणे. निवृत्त झाल्यावर सोबतच्या मंडळींनी त्यांना एक मोठा कॅमेरा भेट दिला होता. लोकांची हाडं बघून कंटाळलेल्या बाई आता पिसं बघत होत्या. काठावरून त्यांनी बदकांचे ढिगानं फोटो काढले होते. पण मधलं पाणी काठावरून दिसायचं नाही. चहूबाजूंनी पुरुषभर उंचीचा बोरू माजलेला.

इंजिनियरांनी आकाशातून फोटो काढणारं यंत्र उडवून पाहिलं होतं. सभेत त्यांनी तो फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला.

"बाई, एकही बदक नाही यात."

"तुमच्या त्या भिरभिऱ्याचा आवाज ऐकून उडाली ती. तुमच्या पलंगावरून कोणी असं घरघर करत गेलं, तर तुम्ही घोरत पडाल का?"

सभेत हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाईंना शेवाळसुद्धा बदक दिसतं!" आणखी हशा.

पण इंजिनियर आडमुठे नव्हते. ते म्हणाले, "खाली कालव्याची भिंत फुगलीय. ती बांधायची तर पाणी उतरवावंच लागेल. बदकं खरंच असतील तर भिंतीला टेकू देऊन हिवाळा काढीन मी. पण मला नुसतं सांगू नका. दाखवा."

बाई म्हणाल्या, "दाखवते."

बाईंच्या मोहिमेत आणखी दोघंच होती. एक त्यांची नणंद. बाई तिला वन्सं म्हणत. वन्सं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोराला नुसत्या हाकेनं सरळ उभं करणाऱ्या. दुसरे सुतारमामा. हे कुणाचे मामा होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण रंधा हातात घेतला की लाकूड त्यांचं ऐकत असे.

मामांनी फळ्यांचा एक तराफा केला. घोड्याच्या नालासारखा, पुढून बंद, मागून उघडा. खाली हलका थर्माकोल, वर बोरूचा घुमट. माणसानं छातीपर्यंतची रबरी विजार चढवून नालाच्या पोटात उभं राहायचं, पाय तळाला टेकवून तराफा हळूहळू ढकलायचा आणि घुमटाच्या भोकातून कॅमेऱ्याचं नळकांडं बाहेर काढायचं. लांबून बघणाऱ्याला पाण्यावर तरंगणारा कुजक्या बोरूचा ढीग दिसावा, बस!

पण रानबदक म्हणजे संशयाचं पोतं. काल नव्हता तो ढीग आज दिसला की गेलं उडून. म्हणून मामांनी तसेच आणखी चार ढीग केले. पोकळी नसलेले, नुसते. दगडाचा नांगर बांधून ते तराफ्यासकट मधल्या पाण्यात आधीच नेऊन सोडले. बदकांना सवय झाली. पुढे पुढे तर ती त्या ढिगांवर चढून बसायला लागली. मामांची छाती अशी फुगली, की कालव्याच्या भिंतीनं लाजावं.

वन्सं म्हणाल्या, "मामा, आपल्या ढिगाला काहीतरी खूण करा. एखादी चिंधी तरी."

"चिंधी मला दिसेल तशी बदकालाही दिसेल," मामा म्हणाले. "आणि माझ्या हातचं काम मी ओळखणार नाही होय? आपला ढीग डावीकडून दुसरा. संपलं!"

इथेच माशी शिंकली. पण ते कळायला दुपार उजाडायची होती.

ठरल्या दिवशी उजाडायच्या आधी तिघं निघाली. बदकं तेव्हा शेतांत चरायला गेलेली असतात, मधलं पाणी रिकामं असतं. बोरूतून वाट काढत नाव पुढे सरकली. बोरू संपला आणि जुन्या नदीचा खोल पट्टा लागला. पाणथळ होण्याआधी इथून नदी वाहत होती. तिचं पात्र तसंच पाण्याखाली राहिलेलं. वल्ह्याला तळ लागत नव्हता. पट्ट्यापलीकडे मात्र कमरेइतकं पाणी आणि टणक तळ. तिथे बाई तराफ्याच्या पोटात उतरल्या.

"फोन इकडे दे," वन्सं म्हणाल्या.

"माझा कशाला? मागच्या खेपेला वाजला तो तुमचा होता. गोळी घ्यायचा गजर!"

"म्हणून तर. दोन्ही फोन बंद करून नावेत ठेवतेय. आम्ही बोरूच्या कडेला लपून बसतो. दिवेलागणीला बदकं उडाली की तुला न्यायला येतो. तोवर काही झालं तरी ओरडायचं नाही."

"हे तुम्ही मला सांगताय?" बाई म्हणाल्या. मामा खुदकन हसले, आणि वन्संनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मुकाट्यानं वल्ही उचलली.

नाव बोरूत दिसेनाशी झाली. पूर्वेला उजेड फुटला, आणि त्या उजेडाबरोबर धुकं उतरलं.

काय धुकं म्हणावं ते! आधी पलीकडचा काठ गेला, मग बाकीचे ढीग गेले, मग तराफ्याचं टोकसुद्धा दिसेना. बाई घुमटात उभ्या राहून ऐकत राहिल्या. आणि मग बदकं आली! आधी पंखांची शीळ, डोक्यावरून कोणीतरी रेशमाचं कापड टराटरा फाडत न्यावं तशी. मग पाण्यावर पोटं घासल्याचा आवाज, एकामागून एक. मग बोलणी. नरांची बारीक शीळ, माद्यांचं कुरकुरणं, पिसं झटकणं, चोचींनी पाणी चाळणं. सगळीकडून! पण दिसत होती फक्त पांढरी भिंत. एक्सरेची कोरी काच असते, तशी.

बाईंना राहवलं नाही. आवाज उजवीकडून जास्त येतोय असं वाटलं, म्हणून त्यांनी नांगराचा दगड उचलून तराफ्यावर ठेवला आणि पाऊल पाऊल करत उजवीकडे सरकल्या. थांबल्या, ऐकलं, आणखी सरकल्या. डावीकडून दुसरा ढीग आता कितवा झाला, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. समोर बदकं बोलत असताना हिशेब कुणाला सुचतो?

आणि तेवढ्यात गुडघ्याला काहीतरी टोचलं. पाण्याखाली तुटक्या बोरूचा खुंट होता, चाकूसारखा धारदार. बाईंनी पाय मागे घेतला. पण विजार फाटली होती. बर्फासारखं पाणी पोटरीवरून घरंगळत पावलात उतरलं.

बाईंनी दात आवळले. फाटकी जागा हातानं दाबून धरावी तर तराफा कोण ढकलणार? "एका पायावर भागतंय," त्या स्वतःशी पुटपुटल्या. "दुसरा अजून कोरडा आहे."

दुपारच्या सुमारास वारा सुटला. उत्तरेचा, बोचरा. धुकं आधी थरथरलं, मग त्याच्या पट्ट्या झाल्या, आणि कुणीतरी चादर झटकन ओढावी तसं ते निघून गेलं.

बाईंनी भोकाला डोळा लावला.

मधलं पाणी बदकांनी भरलं होतं! तांबड्या डोक्यांच्या लालसरी, रुंद चोचींचे थापट्या, लांब शेपटीची सडपातळ तलवार बदकं, काळी-पांढरी शेंडी बदकं. सगळी वाऱ्याकडे तोंड करून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून गाढ झोपलेली. लाटेबरोबर वर, लाटेबरोबर खाली. थव्याच्या कडेची बदकं मात्र अर्धीच झोपली होती. आतल्या बाजूचा डोळा मिटलेला, बाहेरचा उघडा. पहारा! एक थापट्या तर इतका जवळ होता, की त्याच्या पापणीवर बसलेला पाण्याचा थेंब बाईंना दिसत होता. त्याचा उघडा डोळा ढिगावर स्थिरावला, ढिगात त्याला काही वावगं दिसलं नाही, आणि तो पुन्हा अर्धा झोपला.

बाईंनी नळकांडं तसूतसूनं फिरवलं. नुसती बदकं नकोत. जागाही दिसायला हवी. थव्याच्या मागे, बोरूच्या शेंड्यांवर, पाणी सोडायच्या दाराचा मनोरा उभा होता. लोखंडी चाकासकट! बदकं आणि मनोरा एकाच चौकटीत आले.

आयुष्यभर रोग्यांना सांगितलेलं त्यांनी स्वतःला सांगितलं. श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका!

खट्. खट्. खट्.

फोटो मिळाला होता. पण आता दुसरा पायही ओला झाला होता. फाटकं भोक चिरत वर गेलं होतं आणि पाणी कमरेपर्यंत चढलं होतं. पावलं आहेत की नाहीत हे समजेना. बोटं लाकडी झाली. दिवेलागणीला अजून बराच वेळ होता, आणि तोवर आपण उभ्या राहणार नाही, हे बाईंना स्वच्छ कळलं. इस्पितळात गारठलेली माणसं त्यांनी पाहिली होती. आधी थरथर असते. थरथर थांबली की मग काही खरं नसतं. बाई अजून थरथरत होत्या. म्हणजे अजून वेळ होता!

एक हाक मारली असती तर नाव आली असती. पण हाकेसरशी अख्खा थवा उठला असता. गारठ्यात, वाऱ्यात, ऐन झोपेच्या वेळी. आणि पुन्हा इथे आला असता की नाही, कोण जाणे. ज्यांची झोप वाचवायला आलो त्यांचीच झोप मोडायची?

बाईंनी बोरूच्या कडेवर नळकांडं रोखलं. नावेचं टोक दिसलं. वन्संची लाल कानटोपी दिसली. डोळ्यांना दुर्बीण लावून वन्सं अगदी एकटक बघत होत्या. पण कुठे? पार पलीकडे! डावीकडून दुसऱ्या ढिगाकडे! बाजूला मामा समाधानानं मान डोलावत होते. त्या रिकाम्या ढिगावर एक लालसरी बसून पिसं साफ करत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाईंना हसू आलं आणि दात वाजले, दोन्ही एकदम.

आता करायचं काय? आपला ढीग त्या चार ढिगांसारखा हुबेहूब. मामांची कारागिरीच आपल्याला बुडवणार! पण हुबेहूब असला तरी एक फरक होता. ते चार ढीग नांगराला बांधलेले. सुटले तरी वारा नेईल तिकडे जातील, दक्षिणेला. वाऱ्याविरुद्ध उत्तरेला चालत जाईल असा ढीग फक्त एकच होता. आणि नाव उत्तरेलाच होती!

बाईंनी आधी कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं. बोटं ऐकत नव्हती, म्हणून दातांनी ओढलं. प्लास्टिकच्या डबीत घातलं, डबी लोकरी टोपीच्या घडीत खोचली आणि टोपी कानांवर ओढली. मग त्या निघाल्या.

एक पाऊल. थांबा. एक पाऊल. थांबा. पाय उचलला की विजारीतलं पाणी डचमळे, वाळूचं पोतं बांधल्यासारखं. वारा तराफा मागे रेटत होता. कडेच्या बदकांनी उघड्या डोळ्यानं पाहिलं. ढीग सरकतोय खरा, पण हळू. ती शेपट्या हलवत थोडी बाजूला झाली आणि पुन्हा झुलू लागली.

बोरू जवळ येत होता. बाईंनी भोकातून पाहिलं. वन्संची दुर्बीण अजून तिकडेच! मग मामांनी सहज मान वळवली. ते बघतच राहिले. त्यांनी डोळे चोळले. वन्संचा दंड गदागदा हलवला. लाल कानटोपी वळली.

"पाहिलं!" बाई पुटपुटल्या, आणि पुढचं पाऊल टाकलं.

तळ नव्हता!

जुन्या नदीचा काठ पायाखाली ढासळला. बाई गळ्यापर्यंत खाली गेल्या. विजार भरली! श्वास छातीतच गोठला. त्यांनी दोन्ही हातांनी तराफ्याची फळी पकडली. फळी कलली. घुमट डोक्यावर करकरला. तराफ्यावरच्या तिवईवर घट्ट बसवलेला कॅमेरा त्यांच्याकडे झुकला, आणि त्याच्या वजनानं फळी आणखी खाली आली. पाणी हनुवटीला लागलं. ओठांना लागलं.

कॅमेरा की आपण?

बाईंनी क्षणभरही घासाघीस केली नाही. खांदा वर घेतला आणि तिवई ढकलून दिली. डुबुक्! एवढाच आवाज. कॅमेरा जुन्या नदीत गेला. फळी उसळून वर आली. बाईंनी तिच्यावर कोपर टेकवलं आणि नाक वर काढलं.

थव्याच्या कडेला काही माना पिसांतून बाहेर आल्या. थापट्या कुरकुरला. सगळं मधलं पाणी जणू कान टवकारून राहिलं. बाईंनी हालचाल बंद केली. एक क्षण... दुसरा... मग एकेक मान पुन्हा पिसांत गेली.

नाव पट्ट्यावरून येत होती. मामा वल्हं पाण्यातून बाहेर न काढता, पाण्यातच वळवत होते. थेंबाचा आवाज नको! वन्सं पुढे पालथ्या पडल्या होत्या. आणि मैदान गाजवणाऱ्या त्या वन्सं, बाईंनी जन्मात ऐकली नव्हती अशा बारीक आवाजात, भांडत आल्या.

"तू इकडे कशी गं? तुला तिकडे ठेवलं होतं ना?"

"आधी... ओढा... मग... भांडा."

"मामा म्हणाले, तोच ढीग आपला! म्हणे, माझ्या हातचं काम आहे!"

"अहो, सगळीच माझ्या हातची कामं आहेत," मामा पुटपुटले. "त्यात माझी काय चूक?"

"वहिनी, पट्टे सोड विजारीचे!"

"एक सुटला. दुसरा... बोटं नाहीत मला."

वन्संनी हात पाण्यात घातला, दुसरा पट्टा चाचपून खसकन सोडवला. रबरी विजार पायांवरून घसरू लागली. मग त्यांनी बाईंच्या काखेत हात घातले आणि पाय नावेच्या कडेला रोवले. "एक... दोन..." त्या कुजबुजल्या, आणि सवयीनं तिसरा आकडा मोठ्यानं निघणार होता, तो त्यांनी गिळला. ओढलं! बाई अर्ध्या वर आल्या. लोकरी टोपी वन्संच्या हातात आली. ती पाण्यात भिरकावायला त्यांनी हात उचलला.

"टोपी!" बाई घशातल्या घशात किंचाळल्या. "टोपी टाकू नका!"

"जीव जायला आला आणि टोपीचं काय घेऊन बसलीस?"

"टोपीत... बदकं आहेत."

वन्संनी टोपी चाचपली. डबी हाताला लागली. त्यांनी ती टोपी स्वतःच्या कानटोपीवर चढवली आणि पुन्हा ओढलं. रबरी विजार नदीला देऊन बाई ओल्या मासळीसारख्या नावेत येऊन पडल्या. मामांनी आपला कोट काढून त्यांच्यावर टाकला, वर घोंगडं घातलं. नाव बोरूत शिरली. मागे रिकामा तराफा वाऱ्याबरोबर थव्याकडे परत निघाला. कुणीही उडालं नाही.

काठावरच्या पंपाच्या खोलीत शेगडी होती. वन्संनी बाईंना कोरडे कपडे चढवले, त्यांचे पाय कोमट पाण्यात ठेवले आणि चहा पाजला. खोलीचं दार लावल्यावर मात्र दिवसभर दाबून धरलेला आवाज त्यांनी मोकळा सोडला. त्या इतकं बोलल्या, इतकं बोलल्या, की पंपाच्या खिडकीची काच झणझणली. बाई शांतपणे ऐकत होत्या. पावलांना मुंग्या यायला लागल्या होत्या. रक्त परत येत होतं. दुखत होतं, म्हणजे ठीक होतं.

"आणि कॅमेरा?" शेवटी मामांनी विचारलं.

"नदीत."

मामा कळवळले. बाईंनी कप खाली ठेवला. "मशीन काय, दुसरं येतं, मामा. फिल्म वाचली ना? झालं तर!" वन्संनी त्यांचा कप पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनियरांच्या टेबलावर डबी ठेवली गेली. दाराची किल्ली शेजारीच होती आणि चौकीदार बाहेर थांबला होता. इंजिनियरांनी कार्ड घातलं. पडद्यावर थवा आला. त्यांनी तो मोठा केला. बदकांचे मिटलेले डोळे, पिसांत खुपसलेल्या चोची, मागे त्यांचाच मनोरा.  मग त्यांनी विचारलं, "तिथे पाणी किती होतं, बाई?"

"एका ठिकाणी कमरेइतकं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या ठिकाणी मोजलं नाही."

वन्सं खोकल्या. इंजिनियरांनी किल्ली टेबलाच्या खणात टाकली आणि बाहेर हाक मारली, "दार उघडायचं नाही! भिंतीला टेकू लावायला माणसं बोलवा."

हिवाळा सरला. दिवस मोठे झाले. एका संध्याकाळी थवा चरायला म्हणून उठला तो शेतांकडे न वळता उंच गेला, आणखी उंच, आणि उत्तरेला निघून गेला. पुढचे दोन दिवस बाईंनी काठावरून आभाळ पाहिलं. मधल्या पाण्यावर कोणी उतरलं नाही. मग वन्संना घेऊन त्या स्वतःच पाणी खात्यात गेल्या.

"आता उघडा," त्या म्हणाल्या.

इंजिनियर मनोऱ्यापर्यंत सोबत आले. वर गेल्यावर त्यांनी लोखंडी चाकाकडे हात केला. "तुम्हीच फिरवा."

चाक हिवाळाभर गंजलं होतं. बाईंनी जोर लावला, हललं नाही. वन्संनी दुसऱ्या बाजूनं हात घातला. दोघी नणंद-भावजया वाकल्या, पाय रोवले, आणि करकरत चाक फिरलं. खाली दार उचललं गेलं. पाणी आधी दबकत आणि मग धडाडत कालव्यात उतरलं. आता तिथे कुणी झोपलेलं नव्हतं.